माय म्हणजे लाकूड

भिकाजी कुंभाराने गोकुळदासला प्रथम पाहिले ते वास्कोच्या धक्क्यावर, आणि ते दृश्य एका नजरेत मावणारे नव्हते. आधी पोट आले. मग बराच वेळ काहीच आले नाही. मग गोकुळदास आला. त्याने जहाजाच्या शिडीवर पहिला पाय ठेवला तेव्हा ते आठ हजार टनांचे धूड धक्क्याकडे कलले, जाड दोर विव्हळले, आणि आज ओहोटी वेळेआधी कशी लागली म्हणून बंदरावरचा कारकून घड्याळ कानाला लावून बघू लागला. निदान भिकाजी तरी आपल्या गावी, डिचोलीत, असेच सांगत असे. गोकुळदासच्या एका काखेत ट्रंक होती, दुसऱ्या काखेत सुक्या बांगड्यांचे गाठोडे, आणि डोक्यावर, धरायला तिसरा हात नसल्यामुळे नुसतेच ठेवलेले, एक काळेभोर मातीचे मडके. शिडी डुलत होती, माणूस डुलत होता, मडके मात्र देवळाच्या कळसासारखे जागच्या जागी.

वर पोचल्यावर त्याने कठड्याशी उभ्या भिकाजीला नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. विचारले ते एवढेच:

"मराठी की कोकणी?"

"कुंभार," भिकाजी म्हणाला.

सत्त्याऐंशी साल नुकते लागले होते. राजभाषेवरून गोव्यात सख्खे भाऊ एकमेकांकडे विस्तव मागत नव्हते, ठरलेल्या सोयरिकी मोडत होत्या. गोकुळदास पेडण्याचा. पेडण्याच्या बाजारात पेटीवर उभे राहून त्याने मराठीच्या बाजूने अशी भाषणे ठोकली होती की लोक रडले होते. भाषणे कोकणीत होती, ही गोष्ट त्याच्या कधी ध्यानात आली नाही आणि ती काढून दाखवण्याची हिंमत कुणाला झाली नाही. जहाजावर तो भंडारी होता, म्हणजे स्वयंपाकी, आणि समुद्रात कप्तानानंतर सत्ता असते ती भंडाऱ्याचीच.

ती त्याने पुरती वापरली. पहिल्याच आठवड्यात फर्मान निघाले की या जहाजावर शुद्ध मराठी चालेल. भिकाजीला कुठे खरचटले, काही पडले की तोंडातून निघायचे "आवय गे!" गोव्यात आईला आवय म्हणतात, त्यात बिचाऱ्याचा काय दोष? पण गोकुळदास कुलेर, म्हणजे पळी, उगारून धावत यायचा. "आवय नाही. माय! माय म्हण. माय मराठी!" जो आवय म्हणेल त्याला नुसता रस्सा, माशाची फोड नाही. भिकाजीने महिनाभर तत्त्वासाठी रस्सा ओरपला. मग सुरमईचे दिवस आले आणि तो कायमचा माय म्हणू लागला. कोकणीला राजभाषा करणारे विधेयक पास झाल्याची बातमी रेडिओवर आली तेव्हा गोकुळदासने दिवसभर चूल पेटवली नाही, आणि मे अखेरीस गोवा राज्य झाल्याचे ऐकले तेव्हा एकाच दिवसात दोनदा शिरा केला. असा तो माणूस.

भिकाजी स्वतः साधा. बापाचे चाक सोडून खनिजाच्या बार्जवर गेला, तिथून जहाजावर खलाशी झाला. त्याच्याजवळ जपण्यासारखी चीज एकच, त्याची नळी. खलाशाच्या नोकरीच्या दाखल्याला नळी म्हणतात, कारण जुने लोक तो पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवायचे. ती मिळवायला भिकाजीने चार वर्षे मुंबईच्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. जहाज चुकवणाऱ्याच्या नळीवर लाल शेरा बसतो, आणि शेरा बसला की समुद्र संपला. घरी बायको वत्सला नळीला देव्हाऱ्यातल्या देवाच्या खालोखाल मान द्यायची. फक्त देव घरातच असायचा आणि नळी कप्तानाच्या कपाटात, एवढाच फरक.

बँकॉकला पोचण्याआधीच्या वादळात गोकुळदासचे मडके फुटले.

अॅल्युमिनियमच्या टोपात केलेले हुमण, म्हणजे माशाची आमटी, दोन दिवस सगळ्यांनी गुपचूप खाल्ले. तिसऱ्या दिवशी दत्ताराम सारंगाने ताट बाजूला सारले. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. हा तेरेखोलचा, कमी बोलणारा, आणि जे बोलेल ते कापून टाकल्यासारखे.

"ह्या हुमणाक पत्र्याचो वास येता," तो गोकुळदासला म्हणाला. "नदीच्या वरच्या अंगाक एका बेटार कुंभारांचो गाव आसा. मडकां घेवन ये. भिकाजीक व्हर, तेका मातीतला कळता. पण च्यार वाजता दोगांचे पाय हंय दिसाक जाय. जहाज सहाच्या भरतीक सुटतला. मी कोणासाठी भरती थांबवचंय ना."

"आणि उशीर झालो तर?" भिकाजीने विचारले.

"तर मी वहीत लिवतलंय. तेच्यापुढे माझ्या हातात काय ना."

सकाळी साडेआठला दोघे निघाले. तासभर बस, मग मोटारीचे इंजिन मागे बांधलेली लांबडी होडी. दहाच्या सुमारास बेट आले. काठाला रांजण असे उतरवून ठेवले होते की जणू एखादे वऱ्हाड पंगतीची वाट बघत बसले आहे. मागे झावळ्यांच्या छपराखाली चाके, आणि त्याहून मागे कासवाच्या पाठीसारखी विटांची भट्टी, तोंडाशी धगधगणारी. भिकाजीने नाक वर केले. ओली माती, कोंडा, लाकडाचा धूर. सात समुद्र ओलांडून तो बापाच्या अंगणात येऊन उभा राहिला होता, आणि ते त्याला फारसे आवडले नाही. पळून आलेल्या माणसाला घर समोर यावे तसे झाले.

चाकापाशी एक म्हातारी होती, पान खाऊन लाल तोंडाची, वाळल्या आंब्यासारखी. भट्टी तिचीच.

"तू बोल," गोकुळदास कुजबुजला. "कुंभाराचे कुंभाराला कळते."

"खंयच्या भाशेत?"

"मराठीत! परमुलखात आलो आहोत. लाज राख."

भिकाजी पुढे झाला, हात जोडले आणि नम्रपणे म्हणाला, "माय, मडके हवे होते."

आता वाचकाला एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण भिकाजीला ती कळायला दुपार उलटली. त्या मुलखाच्या भाषेत सुराला फार मोल आहे. 'माय' हा शब्द असा हळू, मान झुकवून, उतरत्या सुरात म्हटला की त्याचा अर्थ होतो 'नाही'.

म्हातारीने हसून एक मडके पुढे केले. भिकाजीने बोटाच्या पेराने टिचकी मारली. नाद उत्तम. "माय," तो कौतुकाने म्हणाला, "हे झकास आहे."

म्हातारीने मडके परत घेतले.

दुसरे आणले. "माय, हेसुद्धा चालेल." तेही गेले. तिसरे आले, चौथे आले. भिकाजीचा आदर वाढत गेला तसतसे 'माय' वाढत गेले, आणि तसतशी मडकी जात राहिली. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. म्हातारीचे हसू आधी पातळ झाले, मग उडाले. सत्तावीस मडकी नाकारणारा माणूस तिने आयुष्यात पाहिला नसावा. आणि नाकारणारा काय, तर प्रत्येक वेळी हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून नाकारणारा.

"देत का नाही ही?" गोकुळदास घड्याळ बघत तडफडला. "तू वाकडे काही बोललास?"

"फकत माय म्हणतंय."

"मग बरोबर आहे. म्हणत राहा."

शेवटी म्हातारीने कमरेवर हात ठेवले आणि चाकाकडे बोट दाखवले. भाषा लागत नव्हती. अर्थ स्वच्छ होता: एवढा शहाणा आहेस तर बस आणि कर.

भिकाजीने दहा वर्षांत मातीला हात लावला नव्हता. तो बसला. पहिला गोळा मधोमध बसेना, डगमगला, लोळला. छपराखालची माणसे हसली. दुसऱ्या गोळ्याला मात्र हातांनी त्याला न विचारताच काम सुरू केले. अंगठा आत गेला, बोटे वर चढली, आणि पाहता पाहता रुंद तोंडाचे, गोल बुडाचे, डिचोलीच्या बाजारात शोभेल असे हुमणाचे मडके उभे राहिले. म्हातारी वाकून बघत राहिली. मग तिने भिकाजीच्या पाठीत असा धपाटा घातला की त्याचे कपाळ मडक्याला लागता लागता राहिले. आत जाऊन तिने तसल्याच घाटाचे, भाजलेले, लाल मडके आणले आणि त्याच्या मांडीवर ठेवले. दोघांना भात वाढला. मडक्याचे पैसे घेईना.

दोन वाजून गेले होते. अडीचच्या होडीने निघाले तर बस मिळून चारला जहाज. त्यानंतरची होडी साडेचारला, म्हणजे नसल्यातच जमा. मडके गोकुळदासच्या डोक्यावर चढले, नमस्कार झाले आणि दोघे धक्क्याकडे निघाले. वाट भट्टीला वळसा घालून जात होती.

भिकाजी चालता चालता थांबला.

भट्टीच्या तोंडावरच्या कमानीत केसाएवढी रेघ होती. रेघेतून उजेड दिसत होता. बघता बघता ती बोटभर लांबली आणि तिच्यातून ज्वाळेची जीभ बाहेर येऊन आत गेली. कमान बसली तर थंड वारा आत घुसेल आणि आतला सगळा माल, महिन्याभराचा, एका दमात तडकेल. हे त्याला कुणी सांगायला नको होते. जळण घालणारे दोघे, म्हातारीचा जावई आणि एक गडी, लाकडांच्या राशीकडे तोंड करून उभे होते. त्यांना ते दिसत नव्हते. म्हातारी तिकडे छपराखाली भांडी आवरत होती.

भिकाजीने तिला हाक मारली. घाबरलेला माणूस मारतो तशी, उंच, ताणून:

"माऽय! माऽय!"

आणि त्या मुलखात 'माय' असा उंच सुरात ताणला की त्याचा अर्थ होतो 'लाकूड'.

जावयाने मान वर केली. हा पाहुणा सकाळपासून सासूच्या मांडीला मांडी लावून बसलेला. चाकावर हात दाखवलेला. तो जर भट्टीकडे बोट करून 'लाकूड, लाकूड' ओरडतो आहे, तर जाणत्या कारागिराला काहीतरी दिसले असणार. त्याने दोन ओंडके आत ढकलले.

ज्वाळा हातभर बाहेर आली.

"माऽय! गे माऽय!" भिकाजी नाचू लागला.

गड्याने चार ओंडके घातले.

"अरे नको! बंद करा! माऽय!"

दोघे आता जीव तोडून जळण कोंबू लागले. भिकाजी जितका ओरडे तितकी भट्टी पेटे. भट्टी जितकी पेटे तितका तो ओरडे. रेघ वितभर झाली, एक वीट सुटून पायाशी पडली. धक्क्यावरून गोकुळदासचा आवाज आला, "भिकाजी! होडी सुटता! भिकाजी रे!" संकटात त्याची मराठी पार धुऊन गेली होती.

भिकाजीने धक्क्याकडे पाहिले. शंभर पावले. धावला तर होडी, होडी मिळाली तर जहाज, जहाज मिळाले तर नळी. त्याने एक पाऊल टाकलेसुद्धा. पण आवा, म्हणजे भट्टी, पेटल्यावर कुंभार आंघोळीलाही उठत नाही, असे त्याच्या घरचे वळण होते. बाप एकदा तापाने फणफणलेला असूनही आव्यापुढून हलला नव्हता. आणि ही आग तर भिकाजीच्याच ओरडण्याने चढली होती. कशी ते कळत नव्हते, पण चढली होती खरी.

तो वळला. जावयाच्या हातातला ओंडका त्याने हिसकावून फेकला, पाण्याच्या पिंपात गोणपाट बुडवून डोक्यावर घेतले, चाकाशेजारचा ओल्या मातीचा ढीग कवेत उचलला, कोंड्यात लोळवला आणि कमानीवर थापला. माती चर्रकन वाळून खाली आली. पुन्हा थापली. पुन्हा आली. तिसऱ्यांदा त्याने ती दोन्ही पंजांनी दाबून धरली, ओल्या गोणपाटावरून, आणि धरूनच राहिला. भुवया जळाल्याचा वास त्याला आला. त्या आपल्याच, हे मागाहून कळले.

म्हातारी धावत आली. एका नजरेत तिला सगळे कळले. तिने जावयाच्या थोबाडीत मारली, गड्याच्या मारली, आणि स्वतः पदर खोचल्यासारखे लुंगडे खोचून मातीचे गोळे भिकाजीच्या हातात देऊ लागली. तो थापायचा, ती द्यायची. थरावर थर बसत गेला.

तिकडे गोकुळदासने होडी थांबवण्याचा एकमेव मार्ग अवलंबला होता. एक पाय होडीत, एक धक्क्यावर. होडीवाला ओरडत होता, उतारू ओरडत होते, गोकुळदास हलत नव्हता. शेवटी दोन्ही पायांतले अंतर वाढत वाढत अशा टोकाला आले की निर्णय शरीरानेच घेतला. तो धक्क्याच्या बाजूला पडला. होडी गेली. मडके त्याने वरच्यावर झेलले.

सव्वातीनला रेघ बुजली. भट्टी शांत धुमसू लागली. भिकाजी जमिनीवर बसला आणि त्याला एकच दिसू लागले: सारंगाची वही.

गडबड ऐकून शाळेतली एक बाई आली होती. तिला थोडे इंग्रजी येत होते, गोकुळदासला जहाजी इंग्रजी. बाईने जावयाला विचारले, म्हातारीला विचारले, भिकाजीकडे पाहिले आणि तोंडावर हात धरून हसत सुटली. मग तिने समजावून सांगितले. माय असे म्हटले की नाही. असे म्हटले की लाकूड. अजून एका सुरात नवीन, आणखी एका सुरात रेशीम. तिने चारी सूर लावून दाखवले. भिकाजीला चारी एकसारखेच वाटले.

गोकुळदासला मात्र घाम फुटला. पाच महिने ज्या शब्दासाठी त्याने सुरमई रोखून धरली होती, तो हा.

"मेल्या," तो कळवळून म्हणाला, "आवय म्हणूक काय जाल्लें तुका? जन्मभर आवय म्हणटालो मरे!"

"तूच म्हणालास, माय म्हण. लाज राख म्हणालास."

"मी म्हणालों! मी सतरा गोष्टी म्हणतां! खंयची आयकूची, खंयची न्हय, इतकी अक्कल..." पुढे त्याला शब्द सुचेना. कुठल्याच भाषेत सुचेना. तो मडके मांडीवर घेऊन बसला आणि मुकाट रडू लागला. नळी त्याचीही होतीच.

म्हातारीने बाईला काही विचारले. बाईने गोकुळदासला विचारले, त्याने घड्याळ दाखवले, जहाजाचा भोंगा तोंडाने वाजवून दाखवला. म्हातारीने जावयाला हाक मारली. रांजण वाहून नेणारी त्यांची स्वतःची होडी होती. बस नको, रस्ता नको, नदीने थेट बंदर. भिकाजीने तिच्या पायांना हात लावला. तोंडात माय आले होते, ते त्याने गिळले. "आवय," तो म्हणाला. या शब्दाचा त्या मुलखात अर्थ काय होतो कोण जाणे; म्हातारीने काही आणले नाही की परत नेले नाही, तेव्हा वाईट नसावा.

पावणेचारला होडी सुटली. पहिला तास बरा गेला. मग भिकाजीने काठाकडे पाहिले. घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडत होत्या. भरतीला जोर आला होता. समुद्राचे पाणी नदीत उलटे चढत होते, आणि होडी त्याच्या तोंडावर चालली होती. इंजिन तेवढेच ओरडत होते, काठ मात्र सावकाश सरकत होता. जावयाच्या गालावर सासूची पाच बोटे अजून लाल होती. तो दात ओठ खाऊन सुकाणूला लटकला होता.

"अजून किती?" गोकुळदास विचारी.

"तू बोलू नको," भिकाजी म्हणे. "तुझ्या बोलण्याचे वजन होता."

पाच वाजले. एक पूल गेला. साडेपाच. मालवाहू पडावांची लांब माळ आडवी आली. तिला वळसा घालण्यात दहा मिनिटे गेली. भिकाजी मनातल्या मनात सारंगाची वही वाचत होता: नाव, गाव, हुद्दा, परत आला नाही. वत्सलेला हे पत्रात कसे लिहायचे? मडके आणायला गेलो, असे लिहायचे? तिचा विश्वास बसला नसता. त्याचा स्वतःचा बसत नव्हता.

सहाला तीन मिनिटे असताना वळण संपले आणि जहाज दिसले. शिडी वर ओढलेली होती. एका बाजूने फक्त दोरशिडी लोंबत होती. होडी जहाजाला घासली तेव्हा भिकाजीने गोकुळदासला पुढे लोटले आणि खालून खांदा दिला. त्या दहा पायऱ्यांविषयी त्याने पुढे कधी अतिशयोक्ती केली नाही. करायला जागाच नव्हती. मडके डोक्यावर, दात दोरावर, आणि खाली भिकाजी, ज्याच्या खांद्यावर सबंध पेडणे तालुका उभा होता.

कठड्यावरून दोघे आत कोसळले. दत्ताराम सारंग उलट्या बादलीवर बसून नखे कापत होता.

"लिवलंस?" भिकाजीने धापा टाकत विचारले. "सारंगानूं, वहीत लिवलंस?"

सारंगाने नखावर फुंकर मारली.

"कित्याक लिवूं? मालाचे कागद अडकले. बंदराचो पायलट येवंक ना. जहाज आयज सुटणां."

जहाज सुटले ते नऊ दिवसांनी. नळीवर कसलाही शेरा पडला नाही. पुढच्या वर्षी कंपनीने ते जहाज भंगारात काढले, दुसरे घेतले नाही, आणि भिकाजी पाळी गावच्या खाणीवर ट्रक मोजायला लागला. तिथे नळी कुणी बघायला मागितली नाही.